त्याचा व्हिसा संपतोय, म्हणून लग्न?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ३१ वर्षांची आहे. मूळची निफाड तालुक्यातली, सध्या पुण्यात वाहन उद्योगातल्या एका कंपनीत इंजिनिअर. तिचा जोडीदार जर्मन आहे, वय ३६. कामानिमित्त ओळख झाली आणि गेली तीन वर्षं दोघं एकत्र आहेत, कधी तो इकडे येतो, कधी ती तिकडे जाते. या वेळी तो ई-टूरिस्ट व्हिसावर आलाय आणि तिच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतोय. परतायला सात आठवडे उरलेत. वडिलांनी बऱ्याच अबोल्यानंतर होकार दिला, पण ‘लग्न आपल्या पद्धतीनं आणि तो परत जायच्या आत’ या अटीवर. जोडीदाराचं आधी एक लग्न होऊन घटस्फोट झालेला आहे. हे आईला माहीत आहे, वडिलांना नाही. कोर्टाजवळचा एक एजंट ४०,००० रुपयांत ‘आठ दिवसांत सगळं करून देतो’ म्हणतोय. ती विचारते: ‘ताई, आठ दिवसांत होत असेल तर करून टाकू का? लग्न झालं की त्याला इथेच राहता येईल ना? आणि तो तसाच परत गेला तर सगळं फिसकटेल का?’

आधी तुझ्या प्रश्नांची सरळ उत्तरं देते, म्हणजे मग मोकळेपणानं बोलता येईल. आठ दिवसांत तुमचं कायदेशीर लग्न लागू शकत नाही. लग्न लागलं तरी तो आपोआप इथे राहू शकत नाही. आणि तो ठरलेल्या तारखेला परत गेला, लग्न आणखी काही महिन्यांनी झालं, तर कायद्याच्या दृष्टीनं तुमचं काहीही बिघडत नाही.

आता माझा एक प्रश्न. सात आठवड्यांची मुदत त्याच्या मुक्कामाला आहे. ती तुमच्या लग्नाची मुदत केव्हा झाली? तुझ्या पत्रात ती तारीख फिरून फिरून येते. वडिलांशी काय बोलायचं, कुठे राहायचं, त्याचा घटस्फोट सांगायचा की नाही, हे सगळं त्या तारखेच्या आड गेलंय. घाई असली की अवघड बोलणी टाळायला निमित्त मिळतं. तू मुद्दाम टाळते आहेस असं मी म्हणत नाही. पण पत्र वाचताना मला हेच सगळ्यात आधी जाणवलं.

कायद्यापासून सुरुवात करू. तू हिंदू, तो तुझ्याच शब्दांत ‘कुठलाच धर्म न मानणारा’. हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू व्हायला वधू आणि वर दोघंही हिंदू असावे लागतात, त्यात बौद्ध, जैन, शीखही धरले जातात. तुमच्यासाठी आहे तो विशेष विवाह कायदा, १९५४. त्याला धर्माची अट नाही, नागरिकत्वाचीही नाही. पर्यटक म्हणून आलेल्यानं इथे लग्न करू नये, असंही त्यात कुठे म्हटलेलं नाही. म्हणजे वाट मोकळी आहे, फक्त ती ३० दिवसांची आहे. दोघांपैकी किमान एकानं त्या जिल्ह्यात आधीचे ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. तू पुण्यात वर्षानुवर्षं राहतेस, तेव्हा ही अट तुझ्यावरच भागते. मग दोघांच्या सहीची नोटीस विवाह अधिकाऱ्याकडे द्यायची. ती कार्यालयाच्या फलकावर लागते आणि ३० दिवस राहते. हरकत आली नाही, तर त्यानंतर तीन साक्षीदारांसमोर लग्न लागतं आणि प्रमाणपत्र हातात येतं. नोटीस दिल्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत लग्न झालं पाहिजे, नाहीतर नवी नोटीस द्यावी लागते. महाराष्ट्रात नोटीस ऑनलाइन भरायची सोय नोंदणी व मुद्रांक विभागानं केली आहे, पण जोडीदार परदेशी असेल तर आधी कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन कागदांची यादी लिहून घ्यावी, असंच मी सांगेन. एक कागद राहिला तर नोटीसच स्वीकारली जात नाही आणि दिवस वाया जातात.

हरकतीची धास्ती बऱ्याच जोडप्यांना असते. कायद्यानं हरकतीची कारणं मोजकीच ठेवली आहेत: आधीचा नवरा किंवा बायको हयात असून लग्न टिकून असणं, वय कमी असणं, संमती देता न येण्याजोगी मानसिक स्थिती आणि निषिद्ध नातं. ‘मुलगा परदेशी आहे’, ‘आम्हाला पसंत नाही’, ‘भावकीत नाक कापलं जाईल’ यांतलं काहीही हरकत ठरत नाही. हरकत आलीच, तर विवाह अधिकाऱ्याला ३० दिवसांत चौकशी करून निर्णय द्यावा लागतो.

पण त्या नोटिशीतली एक गोष्ट तू नीट पाहा. नमुन्यात नाव, वय, व्यवसाय, पत्ता यांच्याबरोबर दोघांची वैवाहिक स्थिती लिहायची असते: अविवाहित, विधुर किंवा विधवा, घटस्फोटित. त्याच्या नावापुढे ‘घटस्फोटित’ असं लिहावंच लागेल. खोटं लिहिलं तर तो गुन्हा आहे. बरं, तुझा कायमचा पत्ता निफाडचा लिहिलास, तर कायद्याप्रमाणे त्या नोटिशीची प्रत नाशिक जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथल्याही फलकावर लागते. तालुक्यातून नोंदणीच्या, खरेदीखताच्या कामाला अशा कार्यालयांत रोज माणसं जातात. तुझ्या वडिलांना त्यांच्या जावयाचं पहिलं लग्न झालं होतं हे एखाद्या फलकासमोर उभं राहून, नाहीतर भावकीतल्या कुणाच्या फोनवरून कळावं, असं तुला नक्कीच वाटत नसेल. तेव्हा नोटिशीवर सही करण्याआधी बाबांना सांगायचं. याला मी दुसरा पर्याय देत नाही.

आता एजंट. आठ दिवसांत करून देतो म्हणजे नेमकं काय करून देतो, हे त्याला विचारलंस का? असल्या घाईच्या कामाचे साधारण दोन प्रकार असतात. पहिल्यात मुलाला धर्मांतराचा दाखला मिळवून देतात, देवळात लग्न लावतात, गुरुजींची सही घेतात आणि मग हिंदू विवाह म्हणून नोंदणी करतात. ज्याला मनापासून हिंदू व्हायचंय त्यानं जरूर व्हावं, तो त्याचा हक्क आहे. पण कोणताच धर्म न मानणाऱ्या माणसानं केवळ एका प्रमाणपत्रासाठी दाखला घेतला, तर उद्या वाद झाल्यावर त्या लग्नाच्या पायावरच बोट ठेवलं जातं. नोंदणी हा लग्न झाल्याचा पुरावा असतो. मुळात जे लग्न कायद्यात बसत नाही, ते नोंदणीनं बसत नाही. दुसरा प्रकार याहून वाईट, मागच्या तारखेची नोटीस दाखवायची. तुझ्या जोडीदाराच्या पासपोर्टवर तो भारतात उतरल्याचा शिक्का आहे. नोटिशीची तारीख त्याच्या आधीची असली, तर ज्या दिवशी त्यानं पुण्यात सही केली म्हणायची त्या दिवशी तो जर्मनीत होता, हे कुणालाही दोन कागद शेजारी ठेवून दिसेल. शिवाय भारतीय कागदांवरचा अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशासाठीचा सरकारी शिक्का, जर्मनी पुरेसा मानत नाही. गरज पडली की जर्मन वकिलात इथल्या कागदांची मुळापर्यंत पडताळणी करून घेते. तुझ्या संसाराचा पहिलाच कागद खोटा निघाला, तर पुढच्या प्रत्येक अर्जावर त्याची सावली पडणार. एजंटला नकार कळव आणि आगाऊ पैसे दिले असशील तर त्यांचा नाद सोड.

‘लग्न झालं की तो इथेच राहील’ हा तुझा समज बऱ्याच जणांचा असतो. ई-टूरिस्ट व्हिसा एरवी वाढवून मिळत नाही आणि बदलूनही मिळत नाही. भारतीय नागरिकाशी लग्न झालेल्या परदेशी माणसाला एन्ट्री व्हिसा, ज्याला एक्स व्हिसा म्हणतात, त्यासाठी इथूनच अर्ज करायची वाट ठेवलेली आहे. तो अर्ज ई-एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर होतो. पुण्यात परदेशी नागरिकांचं काम पोलिस आयुक्तालयातला विभाग पाहतो. लग्नाचं प्रमाणपत्र लागतं, तुम्ही खरोखर एकत्र राहता का याची चौकशी होते, सुरक्षा मंजुरी लागते. हे सगळं होऊन मिळते ती परवानगी, हक्क नव्हे, आणि अर्ज टाकला म्हणजे मुक्काम वाढला असं धरून चालायचं नाही. मुदत उलटून राहिलेल्या परदेशी माणसाला १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या इमिग्रेशन कायद्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. त्यापेक्षा तो वेळेवर परत जावा आणि लग्न झालेलं असेल, तर प्रमाणपत्र जोडून तिथल्या भारतीय वकिलातीत एन्ट्री व्हिसासाठी अर्ज करावा. वाट थोडी लांबची, पण नितळ.

याच ओघात एक तातडीचं काम. तो तुझ्या फ्लॅटमध्ये राहतोय. परदेशी पाहुणा घरी उतरला की २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन द्यावी लागते, ज्याला सगळे ‘सी फॉर्म’ म्हणतात. हॉटेलं हे करतात, घरमालकांना बहुतेकदा माहीतही नसतं. तो भरलेला नसेल, तर आज घरमालकांशी बोलून त्याचं काय करायचं ते बघ. पुढे व्हिसाच्या चौकशीत ही नोंद तुमच्याच उपयोगी येईल.

सात आठवड्यांत काय बसतं ते पाहू. नोटिशीचे ३० दिवस आणि मागचेपुढचे काही दिवस धरले, तर नुसत्या हिशेबानं लग्न बसतं. अडतं ते त्याच्या कागदांपाशी. आपल्याकडचे विवाह अधिकारी परदेशी वराकडून तो लग्नाला मोकळा असल्याचा दाखला किंवा वकिलातीचं पत्र मागतात. जर्मनीत असा दाखला त्याच्या गावचं नागरी नोंदणी कार्यालय, म्हणजे स्टांडेसआम्ट, देतं. त्याची मुदत ६ महिने असते. तो देण्याआधी ते तुझेही कागद मागतात: जन्मदाखला, अविवाहित असल्याचा पुरावा, त्यांची भाषांतरं. त्याला घटस्फोटाचा निकाल द्यावा लागेल, आणि तो निकाल अंतिम झाल्याची नोंद त्यावर असली पाहिजे. नुसती निकालाची प्रत चालत नाही. तुझ्या पत्रात यांतला एकही कागद मागवल्याचा उल्लेख नाही. तेव्हा मला मनापासून वाटतं की या खेपेला लग्न बसवायचा अट्टहास करू नये. कागद आत्ता मागवायला घ्या. ते वेळेत हाती आले, तर जाण्याआधी नोटीस देऊन ठेवा, तो परत जाऊ दे आणि तीन महिन्यांच्या आत पुन्हा येऊ दे. त्याचा व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा आहे ना, एवढं तपासा. कागद नाहीच आले, तर तो पुढच्या खेपेला दाखला घेऊनच विमानात बसेल आणि नोटीस उतरल्यानंतर पहिल्याच आठवड्यात देता येईल.

यावर तू म्हणशील, ‘बाबांना हे पटणार नाही.’ म्हणून आता बाबांच्या भीतीबद्दल.

‘तो परत जायच्या आत’ या अटीत त्यांची धास्ती अगदी स्पष्ट ऐकू येते: गेला आणि फिरकलाच नाही तर? गावात सगळ्यांना कळलेलं असेल, पोरगी मागे राहील. बापाची ही काळजी खोटी नाही, तिला हसू नकोस आणि ‘जुने विचार’ म्हणून बाजूलाही सारू नकोस. पण त्या काळजीवर त्यांनी शोधलेला उपाय उलटा आहे. लग्न लावून परदेशी गेलेले आणि मग बायकोचा फोनही न उचलणारे नवरे असतात. अशा तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगाला स्वतंत्र एनआरआय कक्ष चालवावा लागतो. म्हणजे प्रमाणपत्र माणसाला परत आणत नाही. तो परत येणारा असेल तर लग्नाशिवायही येईल, आणि नसेल तर लग्नानंतर तुझी सुटका अवघड होईल. विशेष विवाह कायद्याखाली लग्नाला एक वर्ष होईपर्यंत घटस्फोटाचा अर्ज सहसा करताच येत नाही, आणि मग देशाबाहेरच्या माणसावर समन्स बजावण्यापासून सुरुवात. बाबांच्या मनात हे आलेलं नसणार. हे त्यांना शांतपणे सांग: ‘बाबा, तुम्हाला जी भीती वाटते तिच्यासाठीच मी थांबायचं म्हणते.’

तीन वर्षांत तो किती वेळा म्हणाला तेव्हा आला, हे तुलाच ठाऊक आहे. तुझ्या पत्रावरून तो शब्दाचा पक्का वाटतो. मग त्याचं आणखी एकदा परत जाणं आणि येणं तुला इतकं का धोक्याचं वाटतंय? ही भीती बाबांची आहे की तुझी, हे जरा स्वतःशी तपासून बघ. बाबांची असेल तर त्यांच्याशी बोलून ती कमी करता येईल. तुझी असेल, तर ती घेऊन मांडवात उभी राहू नकोस. आधी त्याच्याशी बोल.

‘आपल्या पद्धतीनं’ या अटीत मला काहीच वावगं दिसत नाही. अंतरपाट, मंगलाष्टका, सप्तपदी, जेवणावळी, सगळं होऊ दे. त्याला आवडेल, तुझ्या आईची हौस होईल, गावाला नवरदेव दिसेल. फक्त त्या विधींनी तुमचं कायदेशीर लग्न होत नाही, हे दोन्ही घरांना माहीत हवं. माझं मत असं की विवाह अधिकाऱ्यासमोरची सही आधी आणि मांडव नंतर, शक्यतो त्याच आठवड्यात. आधी मांडव आणि ‘रजिस्टर नंतर करू’ असं झालं की ते नंतर लांबत जातं, आणि त्या मधल्या काळात गावाच्या लेखी तू सासुरवाशीण आणि कायद्याच्या लेखी कुमारिका. काही बिनसलं तर तुझ्या हातात काहीच नसतं. कार्यालयाबाहेर, वाजवी अंतरावरच्या ठिकाणी जादा शुल्क भरून लग्न लावायची तरतूदही कायद्यात आहे. तेव्हा अधिकाऱ्यांना विचारून बघायला हरकत नाही.

बाबा एक प्रश्न नक्की काढतील, आणि तो त्यांनी काढलाच पाहिजे. तुमच्या घरच्या द्राक्षबागेचं काय? विशेष विवाह कायद्याखाली हिंदू नसलेल्या व्यक्तीशी लग्न केलं की एकत्र हिंदू कुटुंबातून तू विभक्त झालीस, असं कायदा मानतो. वाटा बुडत नाही, पण तुझी स्थिती बदलते. पुढे तुझ्या मालमत्तेचा वारसाही हिंदू वारसा कायद्यानं ठरत नाही, भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे ठरतो. जमीन वडिलोपार्जित असेल, सातबाऱ्यावर काकांची नावं असतील, तर लग्नाआधी शेतजमिनीचं काम करणाऱ्या वकिलाकडे बाबांना घेऊन जा. जावई परदेशी नागरिक असल्यामुळे त्याला इथे शेतजमीन विकत घेता येत नाही, हेही सांगून टाक. त्यांच्या मनातल्या न बोललेल्या दोन-चार शंका तिथेच गळून पडतील.

आणि आता ज्याबद्दल तुझ्या एवढ्या लांब पत्रात अक्षरही नाही, ते. तुम्ही राहणार कुठे? ‘त्याला इथेच राहता येईल ना’ असं तू विचारतेस, पण त्याला इथे राहायचंय का, हे कुठेच येत नाही. एन्ट्री व्हिसावर त्याला नोकरी करता येत नाही. रोजगारासाठीचा व्हिसा हा वेगळा विषय. परदेशी नागरिकाला भारतात दीर्घकाळ राहू देणाऱ्या ओसीआय कार्डासाठी लग्न नोंदवून ते सलग दोन वर्षं टिकलेलं असावं लागतं, त्यानंतर अर्ज आणि छाननी. म्हणजे पहिली काही वर्षं तो पुण्यात तुझ्या पगारावर आणि तिकडच्या शिलकीवर असेल. तू नऊ वाजता कंपनीच्या बसमध्ये बसशील आणि छत्तीस वर्षांचा, हाताला काम असलेला माणूस दिवसभर फ्लॅटमध्ये. हे त्याला झेपणार आहे का? तिकडच्या कंपनीचं काम इथून करायचं असेल, तर कराचं आणि व्हिसाचं काय, हे सल्लागाराला विचारल्याशिवाय करू नका.

उलट तू जर्मनीला जाणार असशील, तर पत्नी म्हणून जाण्याच्या व्हिसासाठी साधारणपणे जर्मन भाषेची ए-१, म्हणजे सगळ्यात पहिली पातळी लागते. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, वर्ग उद्याही लावता येईल. पत्नी म्हणून गेल्यावर तिथे लगेच नोकरी करता येते. पण तू इंजिनिअर आहेस. स्वतःच्या नोकरीच्या जोरावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या ब्लू कार्डावर जायचा पर्याय तुझ्यापुढे आहे आणि तो मला जास्त आवडतो. परक्या देशात पहिली दोन-तीन वर्षं राहण्याचा आधार नवऱ्याचा कागद असण्यापेक्षा तुझा स्वतःचा असला, तर घरातलं बोलणंही बरोबरीचं राहतं. तिसरंही होऊ शकतं: वर्षभर तू तिथे, मग ठरवायचं. हे तिन्ही एका रविवारी कागदावर मांडा. प्रत्येकापुढे दोघांच्या नोकरीचं काय, पैशांचं काय, तुझ्या आईबाबांच्या म्हातारपणाचं काय आणि मूल हवं असेल तर ते कुठे वाढवायचं, हे लिहा. त्या संध्याकाळी तुमचं भांडण झालं, तर ते आत्ता झालं हे बरंच.

एक त्याच्या घटस्फोटाबद्दल. आधीचं लग्न का मोडलं, हे तू त्याला विचारलंयस ना? ‘जमलं नाही’ एवढ्यावर समाधान मानू नकोस. पोटगी चालू आहे का, मूल आहे का, एकत्र घेतलेल्या घराचं कर्ज आहे का? हे विचारणं अविश्वास नाही. आपल्याकडे पत्रिका जुळवताना सात पिढ्यांची चौकशी होते, मग इथेच संकोच कशाला?

वेगळ्या देशांच्या बाबतीत अशीच गाठ पडलेल्या वाचकांसाठीही थोडं सांगते, कारण नियम देशागणिक बदलतात. आपली मुलगी अमेरिकेत बी-२ व्हिसावर फिरायला गेली आणि तिथल्या नागरिकाशी लग्न केलं, तर तिथूनच ग्रीन कार्डासाठी अर्ज करता येतो. पण विमानतळावर ‘फिरायला आले’ सांगताना लग्न करून राहायचा बेत आधीच ठरलेला होता असं सिद्ध झालं, तर ती दिशाभूल ठरते आणि कायमचं दार बंद होऊ शकतं. लग्नासाठीच जायचं असेल तर के-१ व्हिसा आहे. त्यावर गेल्यापासून ९० दिवसांत लग्न करावं लागतं. ब्रिटनमध्ये साध्या पर्यटक व्हिसावर लग्नाची नोटीसही देता येत नाही, त्यासाठी मॅरेज व्हिजिटर व्हिसा घ्यावा लागतो. आणि शेंगेन व्हिसावर युरोपात जाऊन लग्न केलं, तरी जर्मनी बहुतेकदा म्हणते की आधी मायदेशी जा आणि रीतसर व्हिसा घेऊन या. गोव्यातल्या वाचकांनी लक्षात ठेवावं की तिथे पोर्तुगीज काळापासूनची सिव्हिल रजिस्ट्रारसमोरची पद्धत आहे: आधी इच्छा नोंदवायची आणि ठरावीक काळानंतर पुन्हा जाऊन सही करायची. पाहुण्याच्या परतीचं तिकीट त्या दुसऱ्या सहीचा हिशेब करूनच काढा.

आता तुझ्याकडे परत. या शनिवारी निफाडला जा, पण आधी एकटी. त्याला रविवारी बोलाव. शनिवारी आईला शेजारी बसवून बाबांना घटस्फोटाचं सांग. सुरुवातीला ते उठून बागेत निघून जातील, कदाचित रात्री जेवणारही नाहीत. त्यांना तेवढा वेळ दे. ‘तुला आधीपासून माहीत होतं?’ म्हणून ते आईवर चिडतील, तेव्हा तो दोष तू स्वतःकडे घे, आईला त्यात अडकू देऊ नकोस. रविवारी तो आला की त्याच्याच तोंडून, तू मराठीत सांगत सांगत, बाबांना ऐकू दे की तो कधी परत जाणार, कोणते कागद आणणार आणि पुन्हा केव्हा येणार. मुहूर्त काढायचाच असेल तर त्यांनी तो त्या पुढच्या खेपेचा काढावा. जाताना घटस्फोटाच्या निकालाची प्रत आणि तिचं इंग्रजी भाषांतर घेऊन जा. बाबा कागद पाहायला मागतील.